विकासक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय नोकऱ्यांची साइट: जाहिरात हाती आल्यापासून ती उतरवेपर्यंत

सरकारी भरतीच्या जाहिराती टाकून हात बसलेली मंडळी हल्ली ‘संयुक्त राष्ट्रांत मेगा भरती’ असे मथळे द्यायला लागली आहेत. मूळ जाहिरात उघडून बघावी, तर जागा एकच, तीही जुबाला, आणि अर्ज फक्त दक्षिण सुदानच्या नागरिकांनी करायचा. यवतमाळचा एखादा मुलगा दोन रात्री जागून फॉर्म भरतो आणि त्याला कधीच उत्तर येत नाही. पुढची जाहिरात खरोखर त्याच्या कामाची असते, पण तोवर त्याचा साइटवरचा विश्वास उडालेला असतो.

तलाठी भरतीची जाहिरात सगळ्यांना सारखीच लागू असते. पीडीएफ टाकली, तारखा दिल्या, लिंक जोडली की काम झालं. विकासक्षेत्रात, म्हणजे संयुक्त राष्ट्रं आणि स्वयंसेवी संस्थांच्या कामात, प्रत्येक जाहिरातीचे नियम वेगळे असतात आणि एक अर्ज नीट भरायला आख्खा दिवस जातो. आलेल्या दहा जाहिरातींपैकी सात बाजूला ठेवणं आणि उरलेल्या तीन जाहिरातींत अर्ज कोणी करावा आणि कोणी करू नये हे स्पष्ट लिहिणं, एवढंच साइट चालवणाऱ्याचं खरं काम. मी हे बऱ्याच चुका करून शिकले. खालचा क्रम त्या चुकांतूनच ठरला आहे, तो उलटा करू नका.

## 1. कुंपण आधी, डोमेन नंतर

साइटचं नाव आणि लोगो ठरवण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा: कोणासाठी, कुठल्या जागा, आणि कुठल्या जागा अजिबात नाही.

मराठी वाचकासाठी जागा साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार भारतातच राहून आंतरराष्ट्रीय संस्थेत काम करण्याचा: युनिसेफचं महाराष्ट्रासाठीचं कार्यालय मुंबईत आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं दक्षिण-पूर्व आशियाचं प्रादेशिक कार्यालय दिल्लीत. दुसरा प्रकार परदेशातल्या, पण भारतीयांना खुल्या असलेल्या जागा. तिसरा घरून करायची सल्लागारीची कामं. सुरुवात पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारापासून करा. दुसऱ्याला पडताळणी जास्त लागते आणि यश कमी मिळतं.

वाचकही ठरवा. नंदुरबार किंवा मेळघाटात कुपोषणावर सहा-सात वर्षं काम केलेली मुलगी, राज्याच्या ‘उमेद’ अभियानात बचत गटांचं काम पाहिलेला प्रभाग समन्वयक, देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेतून किंवा टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधून नुकतेच बाहेर पडलेले विद्यार्थी. यांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच यादीत सगळ्यांना घातलं, तर कोणालाच ती आपली वाटणार नाही.

इशारा: 2024 पर्यंतच्या ‘टॉप संस्था’ छापाच्या याद्या वापरू नका. 20 जानेवारी 2025 ला अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि 1 जुलै 2025 पासून यूएसएड या तिथल्या सरकारी मदत संस्थेचं उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. त्या पैशावर चालणाऱ्या कितीतरी प्रकल्पांच्या जागा गेल्या आणि अनुभवी माणसं बाजारात आली. पूर्वी नवख्याला मिळायची अशी जागा आज दहा वर्षांच्या अनुभवाचा माणूसही मागतो. हे वाचकाला सांगा.

## 2. स्रोतांची वही

एक साधी एक्सेल शीट करा. रकाने पाच: संस्था, तिच्या नोकऱ्यांच्या पानाचा पत्ता, अर्ज कुठल्या प्रणालीत भरायचा, कोणत्या वारी बघायचं, शेवटचं कधी बघितलं. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाचे अर्ज ‘इन्स्पिरा’त जातात. युनिसेफ, यूएनडीपी (विकास कार्यक्रम), यूएनएचसीआर (निर्वासितांसाठीची संस्था) यांच्या प्रणाली वेगवेगळ्या आहेत, एकीकडचं खातं दुसरीकडे चालत नाही. हे न सांगितल्यामुळे ‘माझा पासवर्ड चालत नाही’ अशा मेलना उत्तरं देण्यात माझा एक अख्खा महिना गेला होता.

रिलीफवेब ही संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाची सेवा 1996 पासून चालू आहे आणि तिथे नोकऱ्यांचा मोठा विभाग आहे. सुगावा लागायला ती उत्तम. पण तिथे दिसलेली जाहिरातही मूळ संस्थेच्या पानावर जाऊन बघायचीच, कारण मुदतवाढ किंवा रद्द झाल्याची सूचना आधी त्या मूळ पानावर लागते.

दुसऱ्या मराठी साइटवरून किंवा टेलिग्राम चॅनलवरून जाहिरात उचलायची नाही. नकलेची नक्कल होताना सगळ्यात आधी गळते ती नागरिकत्वाची अट.

## 3. पडताळणी: जाहिरात खरी आहे का

आपला वाचक खोट्या जाहिरातीला लवकर फसतो, आणि त्याचं कारण आपल्याच भरतीपद्धतीत आहे. स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरताना परीक्षा शुल्क भरायची त्याला सवय असते. म्हणून ‘नोंदणी शुल्क’, ‘वैद्यकीय तपासणी फी’ किंवा ‘व्हिसा प्रक्रिया’ म्हणून कोणी पैसे मागितले, तर त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांची भूमिका स्पष्ट आहे: अर्ज, मुलाखत, कागदपत्रं, प्रशिक्षण, कुठल्याही टप्प्यावर शुल्क नाही, आणि उमेदवाराच्या बँक खात्याची माहितीही ते विचारत नाहीत. हे वाक्य साइटच्या प्रत्येक पानावर तळाशी टाका.

पडताळणीचा क्रम असा:

1. जाहिरातीतल्या लिंकवर क्लिक करू नका. संस्थेची मुख्य साइट स्वतः उघडा, तिथून नोकऱ्यांच्या पानावर जा, पदाचं नाव किंवा जाहिरात क्रमांक शोधा.
2. पत्ता नीट वाचा. खोट्या पत्त्यात संस्थेचं नाव असतंच, पुढे ‘जॉब्स’ किंवा ‘करिअर’ जोडलेलं असतं आणि शेवट डॉट कॉमने होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा पत्ता डॉट आयएनटीने संपतो, आणि हा शेवट फक्त करारांनी स्थापन झालेल्या आंतरसरकारी संस्थांनाच मिळतो.
3. पत्ता अनोळखी आहे म्हणून लगेच जाहिरात खोटी ठरवू नका. काही संस्था भरतीची यंत्रणा बाहेरच्या कंपनीची वापरतात. मुख्य साइटवरून आत शिरून तुम्ही तिथेच पोचलात, तर पत्ता खरा.
4. संपर्काचा ईमेल फुकटच्या सेवेवरचा असेल तर थांबा. छोट्या संस्थांचा असतो कधीकधी, पण मग त्यांच्या कार्यालयात फोन करून विचारा.
5. मुलाखत फक्त चॅटवर, किंवा मुलाखतीशिवाय थेट नेमणूकपत्र, असं असेल तर पुढे बघायची गरज नाही.

मी एकदा पाचही पायऱ्या गाळल्या होत्या. शुक्रवारची संध्याकाळ, जाहिरात दिसायला अगदी छान, पाठवणारा ओळखीचा. सोमवारी साताऱ्याच्या एका वाचकाचा फोन आला, की ‘प्रवास विम्याचे’ म्हणून साडेचार हजार मागत आहेत, भरू का? त्याने विचारलं म्हणून तो वाचला. न विचारता किती जणांनी भरले, हे मला आजही माहीत नाही.

तपासा: मूळ पानावर जाहिरात सापडली नाही, तर ‘खात्री करून अर्ज करावा’ अशी तळटीप देऊन ती छापायची नाही. ती छापायचीच नाही. कोणाचे पैसे गेलेच, तर 1930 हा सायबर गुन्ह्यांचा हेल्पलाइन क्रमांक ताबडतोब लावायला सांगा, पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठण्याची शक्यता असते.

## 4. पाच चाळण्या

इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. मी एका जाहिरातीला वीस मिनिटं देते, त्यातली पंधरा इथे जातात.

नागरिकत्व आणि कामाचा हक्क. पदाच्या नावापुढची अक्षरं बघा. ‘पी’ आणि ‘डी’ श्रेणीच्या जागांसाठी निवड आंतरराष्ट्रीय पातळीवर होते, भारतीय अर्ज करू शकतात. ‘एनओ’ म्हणजे राष्ट्रीय अधिकारी: कार्यालय ज्या देशात, त्याच देशाचा नागरिक हवा. ‘जी’ श्रेणी स्थानिक भरतीची. म्हणून दिल्लीतली एनओ जागा तुमच्या वाचकासाठी सोनं आहे आणि नैरोबीतली एनओ जागा त्याच्या काहीच उपयोगाची नाही. यूएनडीपीच्या करारांत ‘एनपीएसए’तला एन राष्ट्रीय, ‘आयपीएसए’तला आय आंतरराष्ट्रीय. यूएनओपीएस या संयुक्त राष्ट्रांच्या प्रकल्प सेवा कार्यालयात तोच फरक ‘एल’ आणि ‘आय’ या अक्षरांनी दाखवतात. मोठ्या स्वयंसेवी संस्थांच्या लंडन किंवा जिनिव्हाच्या जागांत अक्षरं नसतात, पण तळाशी एक ओळ असते: त्या देशात काम करण्याचा हक्क आधीपासून हवा. ती ओळ सापडली की जाहिरात बाजूला.

अनुभवाची वर्षं. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात पदव्युत्तर पदवी असेल तर पी-3 ला साधारण 5 वर्षं, पी-4 ला 7, पी-5 ला 10 वर्षांचा संबंधित अनुभव मागतात. नुसती पदवी असेल तर बहुतेक वेळा आणखी 2 वर्षं. आपल्याकडे वाचक ‘वयोमर्यादा किती?’ हा प्रश्न पहिला विचारतो. या पदांना भरतीसाठी तशी मर्यादा सहसा नसते, अनुभव मात्र मोजून घेतात. अपवाद ठळक लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या यंग प्रोफेशनल्स प्रोग्रामला 32 वर्षांची मर्यादा आहे, आणि त्या वर्षीच्या सहभागी देशांच्या यादीत भारत आहे का, हे दरवर्षी नव्याने बघावं लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात युवा गट 18 ते 26 वर्षांचा, ‘स्पेशालिस्ट’ 27 च्या पुढे, ‘एक्स्पर्ट’ 35 च्या पुढे. ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसरच्या जागा दाते देश पैसे देऊन निर्माण करतात आणि त्यातल्या बहुतेक त्यांच्याच नागरिकांना मिळतात, त्यामुळे ‘फ्रेशर्ससाठी सुवर्णसंधी’ म्हणून त्या टाकू नका.

कराराचा प्रकार. कर्मचारी, अल्पमुदतीचा कर्मचारी, सल्लागार, स्वयंसेवक. सल्लागाराला पगारी रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, प्राप्तिकर स्वतः भरायचा. ‘40 दिवसांचं काम, सहा महिन्यांत पसरलेलं’ असं लिहिलेलं असताना मथळ्यात ‘सहा महिन्यांची नोकरी’ लिहिलं, तर चालू नोकरी सोडून बसणारं कोणीतरी भेटतंच.

भाषा. पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच जागांना फ्रेंच लागते. जाहिरातीत फ्रेंच ‘आवश्यक’ आहे की ‘असल्यास उत्तम’, हे शब्द जसेच्या तसे उचला. हिंदी आणि मराठी येते हे मुंबई-दिल्लीच्या जागांसाठी जमेचं ठरतं, वाचकाला ते अर्जात लिहायला सांगा. कितीतरी जण लिहीतच नाहीत.

ठिकाण. काही ठिकाणी कुटुंब नेता येत नाही. खडतरपणानुसार ठिकाणांना ए ते ई अशी अक्षरं दिलेली असतात, ई सगळ्यात खडतर. मुख्यालयाच्या आणि तशा सोयीच्या शहरांना एच. घरात लहान मूल असलेल्या वाचकाला ही माहिती पगाराआधी हवी असते.

पगाराबद्दल एक. मूळ पगार आणि ठिकाणानुसार बदलणारा भत्ता मिळून रक्कम ठरते, तिचं रुपयांत रूपांतर करून ‘महिना अमुक लाख’ असा मथळा देऊ नका. जिनिव्हाचं घरभाडं त्या मथळ्यात नसतं.

## 5. मराठीत लिहिताना

जाहिरात शब्दशः मराठीत उतरवू नका. आधी चौकट: पद, संस्था, ठिकाण, करार, कोण अर्ज करू शकतं, कोणी करू नये, मुदत. मग कामाचं स्वरूप चार-पाच ओळींत. मग मूळ लिंक.

काही शब्दांशी सांभाळून. ‘वॉश’ म्हणजे पाणी, शौचालयं आणि स्वच्छता. एका साइटवर मी ते ‘धुलाई विभाग’ असं वाचलं आहे. ‘प्रोटेक्शन ऑफिसर’ हा सुरक्षारक्षक नव्हे, निर्वासितांच्या किंवा मुलांच्या हक्कांचं काम पाहणारा अधिकारी. माझ्याकडे निवृत्त फौजदारांचे मेल आले होते, चूक माझ्या भाषांतराची. सगळ्यात घोटाळा करतो तो ‘रोस्टर’. महाराष्ट्रात रोस्टर म्हटलं की बिंदुनामावली आणि आरक्षण डोळ्यांसमोर येतं. इथे रोस्टर म्हणजे निवड प्रक्रियेत उत्तीर्ण झालेल्यांची राखून ठेवलेली यादी. ‘रोस्टरसाठी अर्ज’ म्हणजे आज जागा नाही, पुढे निघाली तर या यादीतून बोलावतील. हे दर वेळी एका वाक्यात लिहा.

अर्ज कसा भरायचा हे शिकवणार असाल, तर एकाच गोष्टीवर जोर द्या. ‘गावात जनजागृती केली’ असं न लिहिता किती गावं, किती गट, किती वर्षं, पैसे कोणाकडून आले होते, आणि शेवटी काय बदललं, ते लिहायचं. आपली माणसं काम भरपूर करतात आणि लिहिताना संकोचतात.

## 6. घड्याळ

मुदत चुकीची टाकणं ही सगळ्यात स्वस्तात टाळता येणारी चूक आहे. जाहिरातीत ‘रात्री 11:59’ असतं, पण कुठल्या शहराच्या? न्यूयॉर्कचे 11:59 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे 9:29, आणि तिथल्या हिवाळ्यात, घड्याळ तासभर मागे केल्यावर, 10:29. जिनिव्हाचे म्हणजे पहाटे 3:29, हिवाळ्यात 4:29. नैरोबीचे पहाटे 2:29, तिथे घड्याळ बदलत नाही.

खरा फटका पूर्वेकडून बसतो. बँकॉकचे 11:59 म्हणजे आपल्याकडे त्याच रात्रीचे 10:29. आशियाई विकास बँक मनिलात आहे, तिथल्या वेळेने मुदत असेल तर आपल्याकडे 9:29 लाच दार बंद. जेवण आटोपून फॉर्म भरायला बसणारा वाचक तोवर चुकलेला असतो.

साइटवर भारतीय वेळ लिहा, आणि शेजारी ‘आमची शिफारस’ म्हणून दोन दिवस आधीची तारीख. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतं, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. या चार तारखांना वहीत लाल खूण करा.

तपासा: जाहिरातीत वेळेचा पट्टा दिलेलाच नसेल, तर कार्यालय जिथे आहे तिथली वेळ गृहीत धरू नका. ‘वेळ नमूद नाही, आदल्या दिवशी भरा’ असं लिहा.

## 7. चढवणं आणि उतरवणं

गुगलच्या नोकरी शोधात यायचं असेल तर पानात ‘जॉब पोस्टिंग’ची सांकेतिक माहिती भरावी लागते: पद, वर्णन, प्रसिद्धीची तारीख, संस्था, ठिकाण. जाहिरातीला मुदत असेल तर तो रकानाही भराच. मुदत संपली की पान काढा, किंवा ते शोधात येणार नाही अशी खूण लावा. मेलेल्या जाहिराती शोधात ठेवणाऱ्या साइटवर गुगल कारवाई करू शकतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे, वाचक शोधातून येतो आणि आठ महिन्यांपूर्वीची जागा बघून जातो.

संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्ह जाहिरातीच्या चित्रावर चिकटवायची पद्धत पडली आहे. ती बंद करा. 1950 च्या बोधचिन्हे आणि नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) कायद्याच्या अनुसूचीत संयुक्त राष्ट्रं आणि जागतिक आरोग्य संघटना यांची नावं आणि चिन्हं आहेत. बातमीत किंवा यादीत नाव लिहिणं वेगळं, आणि साइटच्या माथ्यावर निळं चिन्ह लावून अधिकृत असल्याचा भास करणं वेगळं. साध्या अक्षरांत संस्थेचं नाव पुरतं.

## 8. पैसा, कायदा, बायोडेटा

उमेदवाराकडून पैसे घेऊ नका. घ्यायचेच तर संस्थांकडून जाहिरातीचे घ्या आणि तिथे ‘सशुल्क’ असं लिहा. पैसे दिले म्हणून तिसरा टप्पा, म्हणजे पडताळणी, कोणाला माफ नाही.

पुढची रेषा तर बऱ्याच जणांना दिसतच नाही. नोकरीची माहिती देणं ठीक. पण परदेशी मालकासाठी उमेदवार निवडून पाठवायला लागलात, की 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली भरती एजंट म्हणून नोंदणी लागते. एखादा आखाती ठेकेदार ‘तुमच्याकडे मुलं आहेत, पाठवा ना’ म्हणतो, तेव्हा हे आठवा. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे, वाचकालाही ती दाखवा.

बायोडेटे गोळा करायचा मोह आवरा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख साधा आहे: संमती घ्या, कशासाठी ते सांगा, काम झालं की पुसा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक आधार कार्डाचे फोटो टाकतात, ते दिसताक्षणी काढा. ग्रुप करायचाच असेल तर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा करा.

## 9. आठवडा

सोमवारी स्रोतांची वही उघडायची, सगळ्या पानांवर फेरी. मंगळवारी पडताळणी आणि चाळण्या. बुधवारी लेखन, गुरुवारी सकाळी प्रसिद्धी. वाचकाला अर्जासाठी शनिवार-रविवार मिळावेत म्हणून गुरुवार. रोज सकाळी दहा मिनिटं मुदत संपलेल्या जाहिराती उतरवायला. शुक्रवारी नवीन काही चढवायचं नाही, मेलची उत्तरं द्यायची.

दुरुस्ती करावी लागली तर गुपचूप करू नका. पानाच्या माथ्यावर तारीख घालून लिहा: ‘आधी आम्ही ही जागा भारतीयांना खुली असल्याचं लिहिलं होतं, ती तशी नाही.’ आणि ज्यांनी त्या जाहिरातीबद्दल तुम्हाला मेल केला होता, त्या प्रत्येकाला वेगळं कळवा. त्यातला एखादा अजून फॉर्म भरत बसलेला असतो.